४५५ फुटांची न छापलेली रेषा

सातपुड्याची जुनी टोपोशीट हातात आली (हातात म्हणजे फोनवर, पीडीएफमध्ये) की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण झूम करून तपकिरी रेषांचा एक देखणा तुकडा निवडतात आणि स्टोरीला टाकतात. काही जण 'वसाहतवादी ज्ञान' असा शिक्का मारून ती बाजूला ठेवतात. पहिल्यांना ती इतकी आवडते की वाचायचं राहूनच जातं; दुसऱ्यांना ती न वाचताच कळलेली असते.

मला इथं ती वाचायची आहे, कादंबरी वाचतो तशी. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, विशेषणं कुठं येतात, कोणाला नाव मिळतं आणि कोण नुसता ठिपका होऊन राहतो. भाग निवडलाय तो नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, नर्मदेच्या दक्षिण काठाचा: अक्कलकुवा, अक्राणी, तोरणमाळ. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भाषेत ४६ जी आणि ४६ के.

आधी हा क्रमांक. सर्व्हेनं भारत आणि आजूबाजूचा प्रदेश चार अंश बाय चार अंशांच्या चौकटींत कापला. ४६ ही चौकट २० ते २४ अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांमधली. तिचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. प्रत्येक तुकड्याच्या पुन्हा सोळा शीट, पंधरा मिनिटं बाय पंधरा मिनिटांच्या. प्रोग्रामरला ही रचना बघताक्षणी आवडते, कारण नुसत्या पत्त्यावरून जागा काढता येते. मी दिवसभर ज्या डेटाबेसांशी झटापट करतो, त्यांत इतकी नीट लावलेली अनुक्रमणिका क्वचितच भेटते. पण हेही दिसतं की ही चौकट जमिनीकडे न बघता आखलेली आहे. डोंगराची एक धार मधोमध कापली जाते, एका गावाचे दोन पाडे दोन शीटवर जातात. चौकट आधी तयार होती, डोंगर नंतर आत भरले.

भरणारे कोण होते? सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. त्रिकोणमितीच्या मोठ्या मोजणीला विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरुवात केली आणि ती करता करताच १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथंच आहे. आपण ज्या रंगीत शीटबद्दल बोलतोय ती मालिका मात्र १९०५ नंतरची. एक इंच म्हणजे एक मैल, प्रमाण १:६३,३६०. पुढे देशानं मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि प्रमाण १:५०,००० झालं. जुन्या शीटचं क्षेत्रकाम प्लेन टेबलवर व्हायचं: तिपाईवर फळी, फळीवर कागद, पट्टीनं नेम धरून समोरचा डोंगर तिथल्या तिथे कागदावर उतरवायचा. म्हणजे हा नकाशा चालत चालत लिहिलेला आहे. समासात पार्टीचा क्रमांक असतो, मोजणीचा हंगाम असतो, वरिष्ठांची नावं असतात. टेबल, झेंडे आणि पाणी वाहणाऱ्या खलाशांची नसतात. (सर्व्हेत मदतनिसांना खलाशीच म्हणतात, समुद्राशी संबंध नाही.)

आता या मजकुराचा वाचक कोण, ते बघू. खुणांची यादी हाच त्याचा पुरावा. टपाल कचेरी, तार कचेरी, पोलीस ठाणं, विश्रामगृह, इन्स्पेक्शन बंगला, तळ ठोकायची जागा. बैलगाडीची वाट एका प्रकारच्या रेषेनं, ओझ्याच्या जनावरांची दुसऱ्या, पायवाट तिसऱ्या. विहिरीला पाणी बारमाही आहे का, याची नोंद. यादी वाचता वाचता एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तो दौऱ्यावर आहे, त्याच्याकडे घोडा आणि सामान आहे, त्याला रात्रीचा मुक्काम आणि जनावरांना पाणी हवं आहे. तो इथला नाही, उद्या पुढे जाणार आहे. त्याच्यासाठी शीट अप्रतिम लिहिली आहे. आजचा ट्रेकरही तोच माणूस आहे, फक्त घोडा गेला. म्हणूनच तर आपल्याला ती इतकी 'उपयोगी' वाटते.

जो तिथंच राहतो, त्याच्यासाठी मात्र या खुणा विचित्रच आहेत. देवळाला खूण आहे, मशिदीला आहे, थडग्याला आहे, किल्ल्याला आहे. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं देऊळ असेल तर त्याला खूण मिळते, कारण ते बांधलेलं आहे. झाडाखाली उभा केलेला वाघदेव मात्र या भाषेत लिहिताच येत नाही. त्याला भिंत नाही, शिखर नाही. सर्व्हेअरचा वाघदेवावर राग होता असं मुळीच नाही. त्याच्या यादीत देव म्हणजे इमारत होती, एवढंच. काठीच्या राजवाडी होळीला डोंगरातून माणसं मैलोन् मैल चालत येतात. त्यांच्या पायवाटा शीटवर तुटक रेषांनी बरोबर दाखवता येतात, फक्त त्या कशासाठी पडल्या हे तिथं कळायचा मार्ग नाही.

गावांचंही तसंच. सपाटीवर गाव म्हणजे घरांचा पुंजका, मध्ये चावडी, भोवती शेत. सातपुड्यात तसं नाही. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात, एका टेकाडावर एक, पलीकडच्यावर दुसरं. असे चार-सहा पाडे मिळून गाव, आणि ते गाव दोन-तीन डोंगरांवर पसरलेलं. नकाशाला मात्र नाव कुठंतरी एका जागी छापावं लागतं. जिथं छापलं ते गाव झालं. बाकीचे पाडे बिननावाचे काळे ठिपके. आता हे बारीक टायपोग्राफीचं दुखणं वाटेल, पण धरणाच्या किंवा वनखात्याच्या कागदावर 'गाव बाधित आहे की नाही' असा प्रश्न येतो तेव्हा नाव कुठल्या ठिपक्याजवळ आहे, याला वजन येतं.

नावांवर तर स्वतंत्र लेख होईल. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसानं उच्चारलेलं नाव आधी मराठी किंवा गुजराती दुभाष्याच्या कानात, तिथून सर्व्हेअरच्या वहीत रोमन लिपीत, मग डेहराडून-कलकत्त्याच्या ड्रॉइंग टेबलावर, आणि शेवटी छापखान्यात. साधं तोरणमाळ घ्या. रोमनमध्ये गेलं की त्यातला ण आणि ळ दोन्ही सपाट होतात. तेच नाव सॉफ्टवेअरनं पुन्हा देवनागरीत आणलं की 'तोरनमल' होऊन परत येतं. तोरणमाळ प्रसिद्ध आहे, तिथं चूक कळते. जो नाला फक्त तीन पाड्यांना ठाऊक आहे, त्याचं नाव असं एकदा सपाट झालं की दुरुस्त करायला येणार कोण? आजच्या डिजिटल नकाशांतली कितीतरी गावनावं याच रोमन स्पेलिंगांवरून उलटी आलेली आहेत. आपण जुना नकाशा मागे टाकलाय असं समजतो, पण त्याचं ऐकणं आपल्या फोनमध्ये चालूच आहे.

मला शीटमधली सगळ्यात बोलकी जागा वाटते ती विशेषणांची. रेषा आणि आकडे मोजलेले असतात. विशेषणं सर्व्हेअरच्या नजरेतून येतात. हिरव्या रंगावर आडव्या अक्षरांत छापलेलं असतं: दाट मिश्र जंगल. बऱ्यापैकी विरळ जंगल. खुरटी झुडपं. मुख्यतः साग. कुठं 'दाट' म्हणायचं आणि कुठं 'बऱ्यापैकी दाट', हे कुठल्या उपकरणानं ठरत नव्हतं. क्षेत्रकामाचा हंगाम पावसाळा सरल्यावरचा, उन्हाळा तापायच्या आधीचा. त्यातही नोव्हेंबरात टेबल लावणाऱ्याला जे रान दाट दिसेल तेच मार्चमध्ये, सागाची पानं झडल्यावर, विरळ दिसेल. पडीक सोडलेलं शेत त्या वर्षी झुडपंच असतं. म्हणजे 'खुरटी झुडपं' या दोन शब्दांखाली कोणाचं तरी पुढच्या सालाचं शेत असू शकतं. (आणि गंमत म्हणजे 'जंगल' हा शब्द. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, कमी झाडांचा प्रदेश. इंग्रजांनी आपल्याकडून शब्द घेतला, त्याचा अर्थ घनदाट रान असा पक्का झाला आणि नकाशावरून तो आपल्याकडे परत आला.)

याच रानाचं मराठीतलं दुसरं वर्णन आपल्या ओळखीचं आहे. नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांत ते 'शूलपाणीची झाडी' म्हणून येतं: जिथं 'मामा' लोक परिक्रमावासींना लुटतात, अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून घेतात, आणि त्यातून वैराग्याचा धडा मिळतो. परिक्रमेचं वाङ्मय मी आवडीनं वाचतो, पण या बाबतीत टोपोशीट जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत आहे. परिक्रमेच्या पुस्तकात झाडी हा साधकाच्या परीक्षेचा हॉल असतो. तिथं राहणाऱ्याला घर, शेत, बाजार, आजारपण काही नसतं. शीटवर निदान झोपड्यांचे ठिपके आहेत, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा आहेत, पाणी आहे. मोजायला आलेल्या परक्या माणसाला जे दिसलं, ते पुण्य मिळवायला आलेल्या आपल्या माणसाला दिसलं नाही.

हिरव्या रंगावरून ठिपक्या-ठिपक्यांची एक हद्द जाते. तिच्या आत राखीव वन किंवा संरक्षित वन अशी आद्याक्षरं. ही वर्गवारी १८७८ च्या वन कायद्यातली. पुढे १९२७ च्या कायद्यात ती कायम राहिली. झाडं या हद्दीच्या दोन्ही बाजूंना असतात, आणि माणसंही. बदलतो तो कायदा. सर्व्हेअरनं ती हद्द जमिनीवर पाहून शोधून काढलेली नसते. ती वनखात्याच्या कागदावरून येऊन शीटवर बसते. पण एकदा समोच्चरेषा, नाला आणि शिखर यांच्या शेजारी त्याच शाईच्या रुबाबात छापली गेली की तीही डोंगराइतकीच नैसर्गिक दिसायला लागते. जे. बी. हार्ली या अभ्यासकानं १९८९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नकाशाची अशी चिरफाड करायला शिकवलं: काय दाखवलंय याच्या बरोबरीनं काय गाळलंय ते बघा. मॅथ्यू एडनीनं १९९७ मध्ये भारतातल्या ब्रिटिश सर्व्हेवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि नकाशावर दिसणारी ती निर्दोष शिस्त प्रत्यक्षात किती तडजोडींची होती ते दाखवलं. दोघांचं ऋण मान्यच आहे. पण त्यांच्या वाटेनं गेलेली बरीचशी टीका 'नकाशा हे सत्तेचं साधन आहे' इथं येऊन चहा प्यायला बसते. अक्राणीत तिथं बसून भागत नाही, कारण तिथला माणूस आज तोच नकाशा बगलेत मारून सरकारी कचेरीत जातो.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय त्याला तिचा हक्क मिळावा, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे: गॅझेटियर, जनगणना, नकाशे, उपग्रहचित्रं, वनखात्याच्या कार्ययोजना, घर, विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा जमिनीवरच्या खुणा, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. २०१२ च्या दुरुस्तीनं स्पष्टच केलं की उपग्रहचित्र पुरवणी म्हणून चालेल, इतर पुराव्यांची जागा घेऊ शकणार नाही. मला ही यादी साहित्यसमीक्षेचा उत्तम नमुना वाटते. ती एकाही मजकुराला अंतिम मानत नाही. टोपोशीट, दफनभूमी आणि म्हाताऱ्याची आठवण यांना ती एकाच टेबलावर बसवते. आणि अक्राणी-अक्कलकुव्यात कितीतरी गावं दीर्घकाळ 'वनगावं' होती, म्हणजे महसुली मोजणी नाही, सातबारा नाही. अशा गावाला 'तुम्ही इथं कधीपासून?' असं विचारलं तर जुन्या शीटवरचा तो बिननावाचा काळा ठिपका एकदम मोलाचा होतो. ज्यानं त्यांना नाव दिलं नाही, तोच त्यांचा साक्षीदार.

साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आली, आणि इथं माझ्या धंद्यातलं थोडं गणित उपयोगी पडतं. ४ हेक्टर म्हणजे दोनशे मीटर बाय दोनशे मीटरचा चौकोन. १:५०,००० च्या शीटवर तो चार मिलिमीटर बाय चार मिलिमीटर होतो. एक इंची शीटवर जेमतेम तीन. कायद्यानं दिलेली सगळ्यात मोठी जमीन कागदावर तुरीच्या डाळीएवढी. त्यावरून जाणारी हद्दीची रेषा अर्धा मिलिमीटर जाड असली, तर जमिनीवर तिची रुंदी पंचवीस मीटर होते. तेवढ्या पट्ट्यात शेत वनात आहे की वनाबाहेर, हे ती शीट सांगूच शकत नाही. तिला तेवढं कळतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोडसाळ आहे. जुन्या शीट पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावर बेतल्या आहेत तो एव्हरेस्ट १८३० चा. आपला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. दोन्हीत तेच अक्षांश-रेखांश टाकले तरी जागा तीच येत नाही. सातपुड्याच्या या भागात हा फरक ठोकळमानानं शंभर मीटर भरतो. क्यूजीआयएसमध्ये शीट उघडताना एक सेटिंग चुकीचं निवडलं की सगळी गावं, नाले, हद्दी अलगद बाजूला सरकतात, आणि चित्र तरीही अगदी बरोबर दिसतं. कुठलाही एरर मेसेज येत नाही. ज्याचं अख्खं शेत दोनशे मीटरचं, त्याच्यासाठी शंभर मीटर म्हणजे अर्धी जमीन. शेवटी दाव्यावर काय शेरा पडतो ते पुष्कळदा असा नकाशा कोणीतरी कॉम्प्युटरवर कसा बसवलाय यावर अवलंबून राहू शकतं, आणि ग्रामसभेत त्या ड्रॉपडाउन मेनूबद्दल विचारायला कोणी नसतं. माझ्यासारख्या अनेकांना हे पाच मिनिटांत तपासता येतं. ही माहिती पुण्याच्या एखाद्या कोवर्किंग स्पेसमध्ये पडून आहे, आणि तिची गरज धडगावात आहे.

नकाशा मिळणं हीसुद्धा एकेकाळी लढाईच होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं नागरी आणि लष्करी अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये सर्व्हेचं 'नक्शे' पोर्टल आलं. २०२१ मध्ये परवानग्यांचं जंजाळ बरंच सुटलं. त्याआधी सह्याद्री-सातपुड्यात फिरणाऱ्यांचा आधार होता अमेरिकन लष्कराच्या यू-५०२ मालिकेचा: १:२,५०,००० प्रमाणाचे, मुळात सर्व्हेच्याच कामावरून जुळवलेले नकाशे, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं स्कॅन करून खुले ठेवलेले. धडगावचा डोंगर धडगावच्या माणसाला टेक्सासमार्गे बघावा लागत होता.

आणि आता नर्मदा. १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादानं सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ठरवली: ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा तिथवर चढलं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्याच्या बुडितात. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही नावं आपण आंदोलनाच्या बातम्यांत वाचलेली. शीटवर ती साधी, लहान अक्षरांतली, नदीकाठची गावं आहेत. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. म्हणजे ज्याला खूण होती तेही गेलं आणि ज्याला नव्हती तेही.

४५५ ची रेषा शीटवर शोधायला जाल तर सापडणार नाही. जुन्या शीटवर समोच्चरेषा पन्नास-पन्नास किंवा शंभर-शंभर फुटांनी येतात. ४५५ कुठेतरी मध्ये पडतो. मेट्रिक शीटवर त्या साधारण वीस मीटरनी येतात, १२० ची आणि १४० ची. पाणी १४० च्या सव्वा मीटर खाली थांबतं. दोन्ही पिढ्यांच्या नकाशांत ज्या रेषेनं इथल्या माणसांचं आयुष्य कापलं ती छापलेली नाही. ती अंदाजानं, दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेतून ओढावी लागते. नर्मदेच्या काठचे उतार असे आहेत की कित्येक ठिकाणी ही मोकळी जागा कागदावर मिलिमीटरभरसुद्धा भरत नाही. त्या मिलिमीटरात घरांची एक ओळ मावते. कुठे शेत वर राहतं आणि त्याच्याकडे जाणारी वाट बुडते. तुटक रेषेची पायवाट निळ्यात शिरते आणि पलीकडच्या टेकाडावर पुन्हा निघते, मध्ये टापू. जमीन बुडालेली नसते, त्यामुळे 'बाधित' म्हणायला यादी कचरते. पण तिथं बैल नेणार कुठून?

एका रविवारी बसून जुन्या शीटवर ही ४५५ ची रेषा ओढणं कोणालाही जमेल असं काम आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे, शीट मिळतात, उंचीचा डेटा मिळतो. एव्हरेस्ट १८३० निवडायला विसरू नका. मग रेषेखाली येणारे काळे ठिपके मोजा, नाव असलेले वेगळे आणि नसलेले वेगळे. दुसरा आकडा मोठा निघेल असा माझा अंदाज आहे. त्या ठिपक्यांची नावं शीटवर नाहीत, पण ती सांगणारी माणसं अजून आहेत: काही तळोदा-शहाद्याच्या पुनर्वसन वसाहतींत, काही वर डोंगरातच. नियमांच्या यादीत वडीलधाऱ्यांच्या जबाबाला जागा आहेच. लिहून घेताना ण आणि ळ नीट ऐका.